टपालवालीचा शेवटचा भाग

रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत विशाखा तीनदा रडली होती, आणि तिन्ही वेळा वाईट रडली होती.

पहिल्यांदा डोळ्यांत पाणीच आलं नाही. दुसऱ्यांदा आलं, पण चार मिनिटं आधीच. टॅबवरची टपालवाली अजून घाट चढत होती आणि ही इकडं नाक पुसून मोकळी. तिसऱ्यांदा सगळं वेळेवर जुळून आलं, तर खालच्या गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला आणि तिला हसू फुटलं.

तिनं फोन बंद केला. उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, टॅबची काच ओढणीनं पुसली, पुन्हा खिडकीपर्यंत गेली. मुकुंदवाडीतल्या त्या दोन खोल्यांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आठ पावलं होती. आठ पावलांत जेवढं हिंडता येतं तेवढं ती सकाळपासून हिंडत होती.

"बस की गं एका जागी," दारात मेथी निवडत बसलेली तिची आई, पारूबाई, म्हणाली. "फरशी झिजवशील."

"सात वाजता टाकायचाय आई, व्हिडिओ."

"मग टाक की."

"काय टाकू? माझ्याकडं काही हायेच नाही."

विशाखा सव्वीस वर्षांची. शेंद्र्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. पहाटे पाचला कंपनीची बस, दुपारी तीनला घरी. दर शनिवारी संध्याकाळी ती एका जपानी ॲनिमे मालिकेचा नवा भाग टॅबवर बघायची, आणि बघताना स्वतःचा चेहरा फोननं टिपायची. रविवारी सात वाजता तो चेहरा लोकांना दाखवायची. तिचं चॅनल ते एवढंच. "म्हणजे तुझं बघणं लोक बघत्यात?" असं कुणी विचारलं की ती हो म्हणायची, आणि विचारणारा कपाळाला हात लावायचा. पण एकवीसशे लोक बघायचे. काही भारी दिसलं की शेजारच्याच्या खांद्याला धक्का मारून 'बघितलंस का' म्हणावंसं वाटतं ना, तसा खांदा ज्यांच्या शेजारी नव्हता ते तिच्याकडं यायचे. पुण्याचे कुणी तिच्या 'लई'ला हसायचे, बीडचे कुणी त्यांना झापायचे, आणि ही दोघांनाही बदाम पाठवायची.

तिचा नियम एकच होता. भाग आधी बघायचा नाही. सुरुवातीला उजवा हात वर करून ती म्हणायची, "शप्पथ, पहिल्यांदाच बघायलेय," आणि मगच भाग सुरू व्हायचा.

रेकॉर्डिंगची जागा म्हणजे आईचं जुनं शिलाई मशीन. पट्टा कधीचा तुटलेला. मशीन आत दडपून वर फळी केलेली. फळीवर तांब्याला टेकवलेला फोन, शेजारी टॅब, आणि खाली पॅडलवर विशाखाचे पाय. ते पाय काही गप्प बसायचे नाहीत. गोष्टीत जरा काही घडायला लागलं की पॅडल हलायचं, पॅडलनं फळी, फळीनं फोन, आणि बघणाऱ्यांना तिचा चेहरा थरथरताना दिसायचा. लोकांनी त्याला भूकंप नाव ठेवलं होतं. 'आज किती रिश्टर, ताई?' असं विचारायचे. चौकटीत तिच्या पाठीमागं एक खाट दिसायची आणि खाटेवर बसलेल्या माणसाचे गुडघ्यापासून खालचे पाय. ते तिचे वडील, सर्जेराव. अप्पा.

मालिका होती बर्फाच्या घाटातून टपाल नेणाऱ्या एका मुलीची. चोवीस भाग. जपानी नाव जिभेवर बसत नव्हतं, म्हणून विशाखानं तिचं नाव टपालवाली ठेवलं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी रुळलं. टपालवालीला एक थोरला भाऊ. आधी टपाल तोच न्यायचा. तिसऱ्या भागात चहा ओतता ओतता गावातली एक म्हातारी सांगून जाते की तो बर्फाच्या कड्याखाली गेला, सापडला नाही. बस, एवढं एकच वाक्य. पुढं कुणी त्याचं नाव काढत नाही. मधूनमधून तो दिसत राहतो, कधी लहानपणीचा, कधी पाठमोरा, कधी नुसती त्याची लाल टोपी.

काल शेवटचा भाग होता. आणि काल पाणी आलं.

पाणी यायचा दिवस सोमवार. आलं शनिवारी, साडेसहाला. आठ दिवसांनी येणाऱ्या पाण्यापुढं घरात कुणी बसून राहत नाही. अप्पा गच्चीवर टाकीपाशी गेले, थोरला भाऊ प्रणय मोटारीपाशी, आई पाइप घेऊन जिन्यात. सगळ्या गल्लीच्या मोटारी एकदम घुमायला लागल्या. पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबून आईनं तिथूनच ओवी टाकली,

"आठा दिसाचं गं पाणी, आलं नळाच्या तोंडाला
लेक माझी गं बसली, डोळे लावून काचेला"

"आलेच, चोवीस मिनिटं," विशाखा ओरडली, आणि तिनं शपथ घेऊन भाग सुरू केला.

आणि ती रडली. कशी रडली ते तिचं तिलाच ठाऊक. पॅडल घोड्यासारखं धावत होतं, तांब्यातलं पाणी हिंदकळत होतं, नाक वाहत होतं, मधेच ती "नको ना, नको ना" म्हणत होती. भाग संपल्यावर तिनं ओढणीनं नाक पुसलं. मग रेकॉर्डिंग थांबवायला फोनकडं हात नेला, तर काचेवर लिहिलेलं होतं, 'जागा शिल्लक नाही'. वीस मिनिटांपूर्वीच फोन टिपायचा थांबला होता. हाती होती पहिली चार मिनिटं. त्यात शपथ होती, टपालवाली बूट घालत होती, आणि बाहेर मोटारीचा आवाज.

जागा खाल्ली होती एका मूकपटानं. तो तिनंच शनिवारी दुपारी उतरवून घेतला होता. अप्पांसाठी.

अप्पा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर तेवीस वर्षं होते. त्यांचे कान एकदम गेले नाहीत. पाहुणा निघतो तसे गेले. उठले, दारात उभे राहिले, बोलत राहिले, आणि कधीतरी बघावं तर दार मोकळं. कानाचं मशीन आणलं होतं, पण ते लावलं की पत्र्यावर गारा पडाव्यात तसं ऐकू यायचं, म्हणून ते डबीत. घरचे पाटीवर लिहून दाखवत. टीव्हीसमोर बसायचं त्यांनी सोडलं. दुसऱ्यांचे ओठ हलताना बघत बसायचं त्यांना नको वाटे.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी विशाखा टॅबवर एक शंभर वर्षांमागचा मूकपट बघत होती. एक शिंपी, एक पळालेला घोडा आणि तीनदा त्याच नाल्यात पडणारा फौजदार. फौजदार दुसऱ्यांदा पडला तेव्हा पाठीमागून हसण्याचा आवाज आला. अप्पा हसत होते. मधे मधे इंग्रजी पाट्या यायच्या, त्यांचं मराठी लिहून दाखवावं म्हणून ती पाटी घ्यायला धावली, तर अप्पा म्हणाले, "ठेव ती. कळायलंय मला."

तेव्हापासून दर रविवारी एक. शोधता शोधता तिलाच त्याचं वेड लागलं. कंपनीच्या बसमध्ये करमाडच्या पोरी तिच्या फोनमध्ये डोकवायच्या आणि म्हणायच्या, "आवाज गेलाय का गं तुझ्या फोनचा?" ती म्हणायची, "पहिल्यापासून असाच हाये." तिला वाटायचं, ॲनिमे आणि मूकपट या सख्ख्या बहिणी, एकीचे डोळे रंगानं मोठे केलेले, दुसरीचे काजळानं. दोघी डोळ्यांनीच सांगतात आणि मग वाट बघतात, की समोरच्याला पोचलं का.

पण मालिका रंगली, तसे सहा रविवार मूकपटाविना गेले. अप्पा काही बोलले नाहीत. म्हणून तर शनिवारी तिनं तो घोड्यांच्या शर्यतीचा मूकपट घाईघाईनं उतरवला, दीड तासाचा, आणि फोनमध्ये जागा किती उरली ते बघायचं राहिलं. रविवारी उठल्या उठल्या जुने फोटो पुसून तिनं कशीबशी एका भागापुरती जागा केली होती.

दहा वाजता प्रणय उठला. तो पैठण गेटला मोबाइलच्या दुकानात होता. तिच्या व्हिडिओंची काटछाट रविवारी तोच करायचा. सगळं ऐकून घेत त्यानं चहात खारी बुडवली.

"मग सांग की लोकांना, मेमरी भरली म्हणून."

"तेवीस भाग दाखवले दादा. शेवटाला काय दाखवू, चार मिनिटं बूट?"

"मग परत रड."

"तेच करायलेय सकाळपासून. येत नाही."

"लग्नात तर लई येतं तुला. शेजारच्या पोरीच्या पाठवणीत तिच्या आईपेक्षा तू जास्त."

तिनं त्याला फोन दाखवला. फुलंब्रीच्या सायलीचा निरोप होता. सायली नर्सिंग शिकत होती, रोज एसटीनं शहरात यायची, आणि पहिल्या भागापासून एकही रविवार तिनं चुकवला नव्हता. तिनं लिहिलं होतं, 'ताई, मी अजून शेवटचा भाग बघितला नाही. वर्गातल्या पोरी सांगायला लागल्या की कानात बोटं घालते. एका बाजूला भाग लावणार, एका बाजूला तुम्ही. दोघी एकदमच पहिल्यांदा बघू.'

प्रणयनं वाचलं आणि खारी चहात पडली ती पडलीच.

"मग तर रडावंच लागतंय," तो म्हणाला.

विशाखा पुन्हा आठ पावलं चालली. मग अचानक थांबली. तिला एका मूकपटातली बाई आठवली, नवरा बुडाल्याची तार हातात पडलेली. ती रडत नाही. आधी हातमोजा काढते, त्याची नीट घडी घालते, ती घडी टेबलाच्या कडेला अगदी सरळ लावून ठेवते, आणि मग मान वर करते. एवढंच. विशाखानं ते तुकड्या-तुकड्यानं कितीदा तरी बघितलं होतं. मान किती वर, ओठ कधी सुटतात, डोळा भरायला किती वेळ द्यायचा.

ती मशीनशी बसली. हात वर करून शपथ घेतली. त्या हाताकडं तिनं बघितलं नाही. भाग सुरू केला. टपालवाली शेवटच्या स्टेशनात शिरली तेव्हा विशाखानं ओढणीचं टोक हातात घेतलं, त्याची घडी घातली, फळीच्या कडेला सरळ ठेवली, आणि मान वर केली. डावा डोळा भरला. एक थेंब सुटला, गालाच्या मध्यावर थांबला, मग पुढं गेला.

"बाप रे," प्रणय म्हणाला. "एक नंबर. हे असं तर तू कधीच रडली नव्हतीस."

"तेच तर," ती म्हणाली, पण हळू.

आई दारातून सगळं बघत होती. मेथीच्या काड्या एका बाजूला सारत ती कुणाला ऐकवतेय असं न दाखवता गुणगुणली,

"खरं रडू, खोटं रडू, कसं कळावं जगाला
भूस उडतं वाऱ्यानं, दाणा राहतो सुपाला"

"आई, आत्ता नको हां."

"मी कुठं काय म्हणले? मी माझी भाजी निवडायले."

दुपारी जेवणं झाली. प्रणयनं तुकडे जोडले, कोपऱ्यात भागाचं नखाएवढं चित्र बसवलं. सगळं तयार झालं. सात वाजायला चार तास होते. ती उगाच फडताळ आवरायला लागली, अर्ध्यात सोडलं, कपडे काढून आणले, घड्या न घालताच खाटेवर टाकले.

खाटेवर अप्पा होते. प्रणयच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर व्हिडिओ चालू होता. अप्पांनी चष्मा घातला आणि वाकून बघायला लागले. त्यांना आपला आवाज ऐकू येत नसे, म्हणून ते प्रेसवर बोलत तसेच, खणखणीत बोलायचे.

"ही कोण रडायली?"

प्रणयनं विशाखाकडं बोट दाखवलं.

"नाय," अप्पा म्हणाले.

"नाय काय अप्पा," विशाखा म्हणाली. मग आठवण होऊन तिनं पाटी घेतली आणि लिहिलं, 'मीच हाये.'

अप्पांनी पाटी वाचली, पुन्हा लॅपटॉप बघितला. "तोंड तुझं हाये. पण चित्र हललं नाय."

विशाखानं 'म्हणजे?' असा हात केला.

"तुला काही खरं वाटायलं की तू पाय हलवतीस. मशीन हलतं, चित्र हलतं. लहानपणी झोळीत बी तशीच व्हतीस, पाय चालूच." त्यांनी बोट काचेवर टेकवलं, थेट त्या थेंबावर. "हे बघ. दगडासारखं बसलंय चित्र. ही तू नाय. ही कुणाची तरी नक्कल हाये. बाई चांगली हाये, पण दुसरी हाये."

खरंच होतं. चेहऱ्यावर एवढं लक्ष ठेवताना पाय कुठं होते ते तिला आठवतही नव्हतं.

"एकट्या अप्पांना कळलं," प्रणय हळूच म्हणाला, हळू बोलायची गरज नसताना. "लोकांना नाय कळत."

"सायली भूकंप मोजते दादा. दर रविवारी आकडा लिहिते."

"मग मी चित्र हलवून देतो की. बटण असतं त्याला."

ती त्याच्याकडं अशी बघायला लागली की त्यानं लॅपटॉप मिटला.

तेवढ्यात अप्पा खाटेवर मागं सरकून बसले, चष्मा पुसला, आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "ते राहू दे. भाऊ आला का तिचा?"

"कुणाचा?" विशाखा म्हणाली. तिला प्रश्नच कळला नाही.

"त्या टपालवालीचा. लाल टोपीवाला. काल मी टाकीपाशी व्हतो, बघायचं राहिलं. येणार व्हता ना काल? चोवीस झाले की." त्यांनी बोटं मोजली. "रुसून गेलाय तो, बाप वारल्यावर. पण मधे मधे येऊन बघून जातो तिला. लांबूनच. आता यील."

प्रणयचा हात पाटीकडं जायला लागला, तशी विशाखानं पाटी उचलून पोटाशी धरली.

चहा ओतणाऱ्या म्हातारीचं ते वाक्य अप्पांपर्यंत पोचलंच नव्हतं. पोचणार कसं? खाली येणाऱ्या ओळी इंग्रजीत. त्यांना दिसलं होतं ते एवढंच, की एक म्हातारी चहा ओततेय आणि पोरगी खाली बघतेय. आणि भाऊ तर त्यानंतरही दिसतच होता. भाग चालू असताना कुणी त्यांच्यासाठी पाटीवर काही लिहिलं नव्हतं, विचारलं नव्हतं, वळून बघितलं नव्हतं. ती पुढं फोनकडं तोंड करून एकवीसशे लोकांना 'बघितलंस का' म्हणत होती, आणि पाठीमागं हातभर अंतरावर एक माणूस तेवीस शनिवार एकटाच एक गोष्ट बघत होता.

तिनं लॅपटॉप ओढून घेतला आणि जुने व्हिडिओ उघडले. स्वतःकडं बघितलं नाही. मागच्या खाटेकडं बघितलं. नवव्या भागात लाल टोपी दिसते, तिथं अप्पांचे पाय एकमेकांवरून उतरतात. चौदाव्यात भाऊ पाठमोरा उभा, तर अंगठा वर. एकोणिसाव्या भागात टपालवाली एकटी जेवते, तिथं ते पाय खाटेखालच्या चपला शोधतात, जसं काही उठून जावं आणि त्या पोराला धरून आणावं. सायलीनं त्या भागाखाली लिहिलेलंही होतं, 'मागचे पाय कुणाचे, ताई? तेपण बघतात वाटतं.' विशाखानं त्यावर नुसता हसरा चेहरा टाकला होता.

ती उठली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं तयार व्हिडिओ काढून टाकला. शर्यतीचा मूकपट फोनमधून टॅबमध्ये घेतला, फोन मोकळा केला, किती जागा झाली ते दोनदा बघितलं. मग पाटीवर लिहिलं, 'अप्पा, शेवटचा भाग तुम्ही बघा. तिथं बसून. मी फोन लावते.'

अप्पांनी वाचलं. फळीवरच्या फोनकडं बघितलं. मग म्हणाले, "माझ्याकडं बघून लोक काय करत्याल? मला आवाज येत नाय."

तिनं लिहिलं, 'मला एकदा आलाय आवाज. आता पहिल्यांदा बघणारं घरात तुमच्याशिवाय कुणी नाही.'

"ही बघ की," त्यांनी आईकडं बोट केलं.

"मला भाकरी टाकायच्यात," आई म्हणाली, आणि ओठ नीट हलवून, दोन्ही हातांनी मशीनकडं ढकलल्याचा अभिनय करून म्हणाली, "बसा गुमान."

अप्पांनी शर्ट बदलला. केस ओले करून मागं फिरवले. मशीनशी बसताना पाय कुठं ठेवावेत ते कळेना, शेवटी पॅडलवर ठेवले. विशाखानं तांब्याला फोन टेकवला, चौकट बघितली आणि मागं जाऊन खाटेवर बसली. मग तिथंही राहवेना, म्हणून फोनच्या मागं, भिंतीशी उकिडवी बसली. तिथून टॅब दिसत नव्हता. अप्पा तेवढे दिसत होते.

लाल ठिपका लागला. अप्पांनी उजवा हात वर केला. इतके दिवस ती शपथ घेताना ते मागून बघत होते आणि तिचे शब्द त्यांना ऐकू आले नव्हते. ती लोकांना नमस्कार घालते असंच ते समजून होते.

"जयभीम मंडळी," ते खणखणीत म्हणाले.

प्रणयनं तोंडात ओढणी कोंबली, ती विशाखाची होती.

भाग सुरू झाला. अप्पांच्या चष्म्यात बर्फ पडायला लागला, दोन काचांत दोन. विशाखाला कोणत्या क्षणी काय आहे ते आवाजावरून कळत होतं. त्यांना ते आवाजावाचून कळत होतं. टपालवालीचा पाय घसरतो तिथं त्यांचा खांदा पुढं झाला. वादळात कंदील विझतो तिथं त्यांनी दात आवळले. ते रडले नाहीत, डोळे मोठे केले नाहीत. पण त्यांच्या कपाळावर काहीतरी चालत होतं, शेतातून वारं जावं तसं.

मग ती शेवटची चार मिनिटं आली. त्यांत कुणी बोलत नाही. संगीतही नाही, नुसता बर्फ. टपालवाली ओस पडलेल्या स्टेशनात येते. खुंटीला लाल टोपी. ती टोपीकडं बघते. मागून कुणीतरी तिच्या खांद्यावरची टपालाची पिशवी अलगद काढून घेतं. भाऊ. तो पिशवी आपल्या खांद्याला लावतो आणि दोघं रुळांच्या कडेनं चालायला लागतात. काल इथंच विशाखाचा बांध फुटला होता, कारण तो नाही हे तिला ठाऊक होतं. रुळांवर पावलं एकीचीच उमटतात असं काल तिनं गृहीत धरलं होतं. नीट बघितलंच नव्हतं. डोळे भरलेले होते.

भिंतीशी बसल्या बसल्या तिचा पाय नाचायला लागला. नको, असं तिला वाटलं. आता त्यांना कळेल. तेवीस शनिवारांची वाट, आणि आत्ता, सगळ्या लोकांसमोर कळेल.

अप्पा पुढं वाकले. ओठ सुटले. मग त्यांनी एवढ्या जोरात मांडीवर थाप मारली की पॅडल खाली गेलं, फळी उडाली, तांब्या कलंडला आणि फोन उताणा पडला.

फोन टिपतच राहिला. पुढची अठ्ठावीस सेकंदं त्यात फक्त छत आहे आणि गरगरणारा पंखा. आणि आवाज.

"आला. आला का नाय? म्हणलं व्हतं मी. पिशवी घेतली बघ तिच्या खांद्यावरची. लई वझं झालं व्हतं पोरीला."

मग लांबून आईचा आवाज, "कोण आला? चहा ठेवू का?"

प्रणय पाटीकडं सरकला. "सांगायला नको का?" त्यानं नुसत्या ओठांनी विचारलं. विशाखानं पाटीवरचा खडू उचलला आणि मुठीत धरला. "पावलं किती होती रे, रुळाशी?" तिनं विचारलं. "बघ बरं जरा." त्यानं टॅब मागं घेतला. दोघं वाकली. बर्फात पावलांच्या दोन ओळी होत्या. कुणी तरी त्या काढल्या होत्या, एकेक, हातानं.

सात वाजता व्हिडिओ गेला. सुरुवातीला विशाखाचं अर्ध्या मिनिटाचं बोलणं होतं. 'माझं पहिलं बघणं फोननं टिपलं नाही. मी परत रडून बघितलं, चांगलं रडले, ते पुसून टाकलं. हे माझे अप्पा. यांना ऐकू येत नाही. मागचे पाय यांचे.' त्या अर्ध्या मिनिटात चित्र इतकं हलत होतं की तिचं नाक धड दिसत नव्हतं.

त्यानंतर तिनं फोन उपडा घातला. सरळ केला. पुन्हा उपडा घातला. कुणी म्हणालं, फसवलं. कुणी म्हणालं, चोवीस भाग ज्यासाठी थांबलो ते हे? तीस-चाळीस लोक निघून गेले. पावणेआठला सायलीचा निरोप आला.

'ताई, मी रुमाल घेऊन बसले होते. अप्पांनी रडूच दिलं नाही. मग मी परत एकटीनं बघितला. दोन माणसांची पावलं आहेत हो. चोवीस भाग मी त्या म्हातारीचं ऐकून बसले. अप्पांना कुणी काही सांगू नका. सात रिश्टर.'

विशाखानं तो दोनदा वाचला. मग टॅब पुन्हा फळीवर लावला आणि शर्यतीचा मूकपट सुरू केला. अप्पा स्टूल ओढून तिच्या शेजारी येऊन बसले. आज मागं खाटेवर नाही. काळ्या-पांढऱ्या धुळीत नऊ घोडे उभे होते आणि एक बुटका जॉकी आपल्या घोड्याच्या कानात काहीतरी सांगत होता.

"पाय हलवू नको," थोड्या वेळानं अप्पा म्हणाले. "चित्र हलायलंय."

तिनं दोन्ही पाय पॅडलवरून काढून पोटाशी घेतले. घोडे सुटले. बुटका मागं पडला, मग सातवा झाला, मग पाचवा. चित्र पुन्हा हलायला लागलं. तिनं वाकून फळीखाली बघितलं, तर पॅडलवर अप्पांचा पाय होता.